मुंग्या, भुतं आणि एकच आडवी रेघ : टीव्ही दुरुस्तीची पुस्तकं लिहिणारी माणसं

नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं आवरून इथे लिहून काढलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचावं.

आजचा विषय पुस्तकांचा आहे, पण साहित्याच्या इतिहासात ज्यांना कुणी पाटावर बसवत नाही अशा पुस्तकांचा. रेडिओ दुरुस्ती, टीव्ही दुरुस्ती, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर. पिवळट कागद, पातळ पुठ्ठा, आणि मधेच घडी उलगडून पाहायची सर्किटची मोठी आकृती. ही पुस्तकं ग्रंथालयात टिकली नाहीत, कारण ती वाचून कपाटात ठेवायची नव्हतीच. ती टेबलावर सोल्डरिंग आयर्नच्या शेजारी उघडी पडायची आणि त्यांच्या पानांना भोकं पडायची.

मी ती लिहिली नाहीत. मी ड्राफ्ट्समन. १९८३ साली घाटकोपरला एका छोट्या प्रकाशकाकडे लागलो. एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस, खाली छापखाना. माझं काम आकृत्या काढायचं, पण तिथे चारच माणसं असल्यामुळे प्रूफं वाचणं, लेखकाच्या घरी जाऊन प्रकरण घेऊन येणं, वाचकांच्या पत्रांना उत्तरं पाठवणं, सगळं आपोआप अंगावर आलं. जवळजवळ बावीस वर्षं या लेखकांबरोबर काढली. त्यांची नावं घेणार नाही. काही गेले, काहींच्या घरच्यांना आवडणार नाही. पण त्यांनी काय केलं ते सांगायला हवं, कारण मराठीत तांत्रिक विषयावर कसं लिहावं याचा एक मोठा झगडा त्या पोटमाळ्यावर झाला आणि त्याची कुठे नोंद नाही.

आधी जरा काळ डोळ्यांसमोर आणू. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, वरळीहून. दिल्लीत १९५९पासून होतं, आपल्याकडे तेरा वर्षांनी आलं. सुरुवातीला चाळीत एखाद्याकडे टीव्ही. मग १९८२ : १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ. पुढच्या वर्षी जूनमध्ये कपिल देवच्या संघानं वर्ल्ड कप जिंकला. १९८४च्या जुलैत ‘हम लोग’ आणि १९८७च्या जानेवारीपासून रविवार सकाळचं ‘रामायण’. दर पायरीला टीव्हींची संख्या वाढत गेली, आणि बिघडलेल्या टीव्हींचीही. रविवारी सकाळी नऊला सेट बंद पडला तर घरातली म्हातारी माणसं टीव्ही मेकॅनिकला जेवढी हाक मारत तेवढी डॉक्टरलाही मारत नसत.

मेकॅनिक कुठून आणायचे? अंधेरीला सीप्झ १९७३मध्ये सुरू झालं होतं, आजूबाजूला एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने होते. ओनिडाची कंपनीही १९८१ची, अंधेरीचीच. ठाण्याला मर्फी, कळव्याला फिलिप्स. तिथे काम करणारी बरीच माणसं संध्याकाळी घरी सेट उघडून बसत. मुलुंडच्या आयटीआयसारख्या ठिकाणांहून पोरं बाहेर पडत. आणि १९८२च्या जानेवारीत गिरणी संप झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे पुस्तक घ्यायला येणाऱ्यांत गिरणी कामगारांची मुलं किती होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बापाचा पगार बंद, पोराला सहा महिन्यांत कमवायचंय. त्याला डिप्लोमा परवडत नव्हता. त्याला पुस्तक परवडत होतं.

पण कुठलं पुस्तक? इंग्रजीत चांगली होती. बर्नार्ड ग्रॉबचं ‘बेसिक टेलिव्हिजन’ १९४९पासून जगभर चालत होतं. आपल्याकडे ए. एम. ढाके आणि आर. आर. गुलाटी यांची पुस्तकं इंजिनिअरिंगची मुलं वापरत. उत्तम पुस्तकं, आजही मी ती आदरानं हातात घेतो. पण ती सेट कसा चालतो हे सांगतात. दुकानात बसलेल्याला, चालत नाही तेव्हा काय करायचं, हे हवं असतं. अमेरिकेत हे काम जॉन रायडरच्या जाडजूड मॅन्युअलांनी १९३०च्या दशकात केलं आणि पुढे १९४६पासून हॉवर्ड सॅम्सच्या ‘फोटोफॅक्ट’नं : एकेका मॉडेलचं सर्किट, फोटो, प्रत्येक टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत ते आकडे. इथे तसलं काही नव्हतं. दिल्लीहून हिंदी-इंग्रजी गाइडं येत, लॅमिंग्टन रोडच्या आसपास मिळत. मराठीत मोजकीच.

आमचा सगळ्यात चांगला लेखक घाटकोपरचाच होता. दहावीनंतर शिकलेला नाही. पंतनगरकडे दुकान, दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. प्रकाशकांनी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मला लिहिता येत नाही. पण वह्या आहेत.”

त्या वह्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा थक्क झालो. प्रत्येक कामाची नोंद. डावीकडे गिऱ्हाईक काय म्हणालं, अगदी त्याच्याच शब्दांत. मधे, उघडल्यावर काय दिसलं. उजवीकडे, शेवटी काय निघालं आणि किती पैसे घेतले. ‘मुंग्या येतात.’ ‘चित्र वर वर पळतं.’ ‘माणसं तिरकी होऊन फाटतात.’ ‘भूत दिसतं, एका माणसाच्या बाजूला दुसरा.’ ‘आवाज येतो, पडदा काळा.’ ‘मधोमध एकच आडवी पांढरी रेघ.’ ‘हाणलं की चालतो.’

आम्ही पुस्तक त्या डाव्या रकान्यावर बांधलं. इंग्रजी पुस्तकांत प्रकरणं असतात सेटच्या भागांप्रमाणे : ट्यूनर, आयएफ, व्हिडिओ, सिंक, डिफ्लेक्शन. आमच्या पुस्तकात प्रकरणं तक्रारींप्रमाणे होती. ‘हाणलं की चालतो’ हे एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्याचं उत्तर म्हणजे ड्राय सोल्डर : टाका वरून बसलेला दिसतो, आतून धरलेला नसतो. कुठले टाके आधी सुटतात? जिथे जड वस्तू बसते आणि जिथे तापतं. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे पाय, ज्याला सगळी मुंबई ‘ईएचटी’ म्हणते, पॉवर सप्लायचे मोठे रेझिस्टर, मागची सॉकेटं. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. वह्यांतून मोजून काढलं होतं.

‘मधोमध एकच रेघ’ या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं : आधी ब्राइटनेस कमी करा, मग विचार करा. का, तर उभं पसरवणारा भाग बंद पडला की सगळे इलेक्ट्रॉन त्या एकाच रेघेवर आदळत राहतात आणि तेवढा पडदा जळतो. बिघाड शंभराचा असतो, तुम्ही विचार करत बसलात तर पिक्चर ट्यूबचा होतो. आणि ‘भूत दिसतं’ या प्रकरणात तर सेट उघडायचाच नव्हता. भूत म्हणजे वरळीहून येणारी लहर एकदा सरळ आणि एकदा समोरच्या उंच इमारतीवर आपटून, अशी दोनदा पोचते. उपनगरात तेव्हा टॉवर उभे राहत होते आणि दर नव्या टॉवरबरोबर एखाद्या सोसायटीत भुतं यायची. लेखकाचा सल्ला : स्क्रू ड्रायव्हर ठेवा, गच्चीवर जा, अँटेना फिरवा. वर्सोव्याकडच्या मुंग्यांचं कारणही बरेचदा गच्चीवरच सापडे. खाऱ्या वाऱ्यानं अँटेनाचे जोड गंजलेले.

आता झगड्याकडे येतो. दुसरे लेखक बोरिवलीचे. शिकवायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांचं म्हणणं, मराठी पुस्तक आहे तर मराठी शब्द हवेत. कपॅसिटरला ‘धारित्र’. रेझिस्टरला ‘रोधक’. सेमीकंडक्टरला ‘अर्धसंवाहक’. हे शब्द त्यांनी घरी केलेले नव्हते हो; परिभाषा कोशांत आहेत, विश्वकोशात आहेत, आणि चांगले आहेत. ‘धारित्र’मध्ये धारण करणं आहे, वस्तू काय करते ते शब्दच सांगतो. ‘कंडेन्सर’ या शब्दातून काय कळतं? काही नाही. हा सरांचा मुद्दा मला अजूनही पटतो.

घाटकोपरचे लेखक त्यांच्याशी वाद घालत नसत. त्यांनी एकदा एवढंच म्हटलं, “सर, पोरगं लॅमिंग्टन रोडला जाऊन धारित्र मागेल. दुकानदार त्याला काय देईल?” काउंटरमागचा माणूस बरेचदा गुजराती नाहीतर सिंधी, गर्दी तीन रांगांची. तिथे ‘हजार एमएफडी पंचवीस व्होल्ट’ म्हटलं तर वस्तू मिळते.

हा वाद महिनोन्‌महिने चालला. शेवटी तोडगा निघाला तो दोघांच्याही मूळ भूमिकेपेक्षा चांगला होता, आणि तो सरांनीच काढला हे मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, जी वस्तू विकत घ्यायची तिचं नाव बाजाराचं ठेवा. पण ती वस्तू काय करते आणि तिला काय झालं, ते मात्र मराठीत. क्रियापद एकही उसनं घ्यायचं नाही. मग मी दोघांच्या मधे बसून याद्या केल्या. कंडेन्सर फुगतो, गळतो, कोरडा पडतो. ट्रान्झिस्टर तापतो, बसतो. तार तुटते, टाका सुटतो. चित्र पळतं, लोळतं, आक्रसतं, एका बाजूला ओढलं जातं. आवाज फाटतो, खरवडतो, घुमतो. प्रूफात ‘ट्रान्झिस्टर हीट होतो’ असं आलं की सर लाल पेनानं ‘तापतो’ करायचे, तोंडातून शब्द न काढता.

मला विचाराल तर आज मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी हे पाहावं. सगळं भांडण नामांवरून होतं. वाक्य चालतं ते क्रियापदावर, आणि मराठीत बिघडण्याची क्रियापदं तर इतकी आहेत की काय सांगू.

सर्किटच्या आकृत्या ही वेगळीच कथा. कंपन्या सर्किट देत नसत. काही देत, पण फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला. एका कंपनीकडे मी स्वतः तीनदा गेलो. तिसऱ्यांदा वॉचमननं आतही सोडलं नाही. मग आमचे लेखक सेट उघडायचे, पीसीबीच्या मागे साठचा बल्ब लावायचे, तांब्याच्या पट्ट्या आरपार दिसायच्या. मी बटर पेपर धरून त्या उतरवायच्या. एका रंगीत सेटला तीन-चार रात्री लागत. नंतर त्या वेड्यावाकड्या पट्ट्यांतून नीट सर्किट काढायचं, डावीकडून सिग्नल आत, उजवीकडे पडदा. हे काम एकट्या ड्राफ्ट्समनला जमत नाही, बाजूला समजणारा माणूस लागतो. “ही पट्टी इथून तिथे जाऊच शकत नाही, परत बघ,” असं म्हणणारा.

त्यात एक गोष्ट लक्षात आली. रंगीत टीव्ही आला तेव्हा सरकारनं परदेशी किट आणू दिले होते. समोर नाव वेगळं, कॅबिनेट वेगळं, आणि मागचं झाकण उघडलं की कित्येकदा आतलं पाट एकच. काळ्या-पांढऱ्या सेटांत तर छोटे छोटे कारखाने जवळपास तीच चार-पाच ठरलेली सर्किटं वापरत. घाटकोपरचे लेखक म्हणत, “नाव बघू नका, चेसिस बघा.” त्यामुळे पन्नास मॉडेलांचं काम सात-आठ आकृत्यांत भागलं. मागे एक तक्ता दिला : झाकण उघडल्यावर कुठला आयसी दिसतो त्यावरून आकृती ओळखायची.

आता जिवावरची गोष्ट. त्या वेळच्या बऱ्याच सेटांत घरातली वीज मधे ट्रान्सफॉर्मर न घालता थेट घेतलेली असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की फेज सरळ चेसिसवर. चेसिस म्हणजे लोखंडी सांगाडा, ज्याला माणूस सहज हात टेकवतो. शिवाय पिक्चर ट्यूब. काळ्या-पांढऱ्या सेटात १५ ते १८ हजार व्होल्ट, रंगीतमध्ये २५ हजारांपर्यंत, आणि सेट बंद करून प्लग काढला तरी ट्यूबच्या आतल्या-बाहेरच्या लेपांत तो भार साठून राहतो. म्हणजे ट्यूब हीच एक मोठा कंडेन्सर. या झटक्यानं माणूस सहसा मरत नाही, पण हात झटकतो, ट्यूबची मान तुटते, काच फुटते, आणि त्यानं डोळा जातो.

घाटकोपरच्या लेखकांनी यावर चार पानं लिहिली. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला. हिशोब केला तर पुस्तक दहा फर्म्यांचं होत होतं आणि वर ही चार पानं. सोळा पानांचा फर्मा. चार पानांसाठी अकरावा फर्मा घालायचा तर कागद, छपाई, बांधणी, सगळं वाढतं. प्रकाशक म्हणाले, चार पानांची चार वाक्यं करा. किंमत दोन रुपयांनी वाढली की पुस्तक पडून राहतं, हेही खरंच होतं. लेखक उठले, वह्या पिशवीत घातल्या आणि म्हणाले, “मग पुस्तक नको.” त्यांच्याकडे काम शिकायला आलेला एक पोरगा चेसिसला चिकटून गेला होता, हे मला बऱ्याच नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी त्या दिवशी त्यातला एक शब्दही काढला नाही.

शेवटी मी दोन प्रकरणांतल्या आकृत्या लहान केल्या, जाहिरातीचं पान काढलं, टाइप एका पॉइंटनं उतरवला आणि चार पानं दहा फर्म्यांत बसवली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य होतं : एक हात खिशात ठेवा. दोन्ही हात सेटला लागले की वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला जाते. एक हात खिशात असला की तो रस्ता बंद.

पैशांचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. रॉयल्टी नावाची गोष्ट क्वचितच होती. एकरकमी पैसे, सही, विषय संपला. पुढे आवृत्त्या निघत राहिल्या तरी लेखकाला वर काही मिळत नसे. माझं मत आहे की हे वाईट होतं, आणि तेव्हाही माझं मत तेच होतं. त्याहून मोठा त्रास बिरादरीचा. आसपासचे मेकॅनिक म्हणायचे, “धंद्याचं गुपित पंधरा रुपयांत विकलंस.” त्यांच्याच पुस्तकावर शिकलेल्या एकानं त्यांच्या समोरच्या फुटपाथवर दुकान काढलं. यावर ते काय म्हणाले असतील? काही नाही. तो पोरगा अडला की रस्ता ओलांडून विचारायला यायचा, आणि हे सांगायचे.

वाचकांची पत्रं सांगलीहून, परभणीहून, निपाणीहून यायची. १९८४नंतर गावोगावी प्रक्षेपण केंद्रं झाली होती ना. आंतरदेशीय पत्रावर पेन्सिलनं काढलेला पडदा आणि त्यावर काय दिसतं त्याचं चित्र. खाली : ‘पुस्तकात हे चित्र नाही.’ ती चित्रं पुढच्या आवृत्तीत जायची.

नव्वदीत खिळे गेले, कॉम्प्युटरवर मजकूर जुळू लागला. सोय झाली, पण एक गंमत सांगतो. मायक्रोफॅरडचं जे ग्रीक ‘म्यू’ चिन्ह, ते मराठी फाँटात नसे. ते दुसऱ्या एका फाँटात इंग्रजी ‘एम’च्या बटणावर बसवलेलं असे. फाइल छापखान्याच्या मशीनवर उघडली आणि तो फाँट तिथे नसला की सगळ्या ‘म्यू’चे ‘एम’. म्हणजे मायक्रोचं मिली, हजार पटीनं चूक! प्रूफ बघून बोरिवलीचे सर हादरले. घाटकोपरचे लेखक मात्र शांत. म्हणाले, “जुन्या कंडेन्सरवर एमएफडीच छापलेलं असतं, आम्ही ते मायक्रोच वाचतो. कुणी फसणार नाही.” खरं होतं. तरी आम्ही हातानं प्रत्येक चिन्ह दुरुस्त केलं, कारण सर घरी गेलेच नाहीत.

त्याच सुमाराला वारं बदललं. कॉम्प्युटर दुरुस्तीची पुस्तकं आली. मनहर लोटिया आणि त्यांच्या सहलेखकांची हार्डवेअरवरची पुस्तकं बीपीबीनं काढली होती, ती क्लासेसच्या पोरांच्या हातात दिसत. टीव्हीत सुटे भाग कमी होत गेले, आयसी मोठे होत गेले. दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदलणं. मग सपाट पडदे. तक्रारींच्या यादीतून आधी मुंग्या गेल्या, मग भुतं. एकच आडवी रेघही गेली.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचं गोडाऊन कुर्ल्याच्या बाजूला होतं. बटर पेपरवरच्या मूळ आकृत्या तिथेच होत्या, वीस-बावीस वर्षांच्या. बटर पेपर भिजला की एकमेकांना चिकटतो. सोडवायला गेलं की शाई दुसऱ्या पानावर. रद्दीवाल्यानंही त्या घेतल्या नाहीत. प्रकाशकांनी त्या वर्षी धंदा बंद केला.

आता केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल काढलं. कंपन्यांनी मॅन्युअलं, सुट्या भागांची माहिती लोकांसाठी तिथे ठेवावी म्हणून. ते वाचलं तेव्हा मला तो वॉचमन आठवला.

घाटकोपरच्या लेखकांच्या वह्या त्यांच्या मुलीकडे आहेत. बत्तीस आहेत. मी त्यातल्या अकरा आजपर्यंत स्कॅन केल्या, तिच्या परवानगीनं. डावा रकाना मी वेगळा टाइप करतोय, सध्या १९८६वर आहे. परवा एक नोंद मिळाली, ती अजून कुठल्या प्रकरणात घालायची कळत नाहीये. गिऱ्हाईकाची तक्रार : ‘बातम्या नीट दिसतात, पिक्चर लागला की बिघडतो.’ मधला रकाना कोरा आहे. उजवीकडे लिहिलंय : ‘काही नाही. शेजारणीची मिक्सर. पैसे घेतले नाहीत.’